अमीरांनी कप खाली ठेवला

अमीर मुतलक यांनी कॉफीचा कप उचलला, वास घेतला आणि ओठ न लावता तो पुन्हा टेबलावर ठेवून दिला. मग दोन्ही हात मांडीवर घेऊन ते समोरच्या भिंतीवरच्या तैलचित्राकडे शांतपणे बघत बसले. चित्रात एक जाडजूड गाय होती. शेजारच्या खुर्चीवर बसलेला नझमी एफेंदी मात्र त्या कपाकडे बघत होता.

नझमी एफेंदी म्हणजे अमीरांचा चिटणीस, दुभाषी आणि वेळप्रसंगी हमाल. मूळचा दमास्कसचा, पण नोकरीच्या निमित्ताने लाल समुद्राच्या काठी, अमीरांच्या थोरल्या भावाच्या राज्यात येऊन पडलेला. या थोरल्या भावाने, म्हणजे राजेसाहेबांनी, धाकट्याला युरोपच्या दौऱ्यावर धाडले होते. आतापर्यंत चार राजधान्या झाल्या होत्या. एकीने रणगाडे दाखवले, दुसरीने ऑपेरा, तिसरीने चीजचा कारखाना, चौथीने पुन्हा रणगाडे. कशासाठी आलात, असे मात्र कोणीही विचारले नव्हते. ही पाचवी राजधानी. देशाचे नाव सांगण्यात अर्थ नाही. तिथल्या परराष्ट्र खात्यात हा विषय अजूनही कोणी काढत नाही.

कशासाठी आलात याचे उत्तर खरे तर एका शब्दाचे होते. पाण्यासाठी. समुद्राच्या पाण्याचे गोडे पाणी करणारे बंदरातले जुने यंत्र गेल्या उन्हाळ्यात कायमचे बसले होते आणि तेव्हापासून अख्खे गाव विहिरीचे मचूळ पाणी पीत होते. तसली उत्तम यंत्रे या पाचव्या देशात बनत, पण बनतील तेवढी सगळी त्यांच्या आरमाराकडे जात. एखादे बाहेर विकायचे तर परराष्ट्रमंत्र्यांचा शब्द लागे. नझमीला तर या यंत्राची घाई राजेसाहेबांपेक्षाही जास्त होती. निघताना त्याच्या बायकोने, अफीफाने, दारात उभे राहून सांगितले होते, "माझ्या माहेरी अंगणात नदीचं पाणी खेळतं. तुमच्यासाठी इथे येऊन मी मिठाचा चहा पितेय. पाणी घेऊन या. नाही आणलंत तर मी दमास्कसला गेले समजा." अफीफा बोलते ते करते. आणि तिच्यावाचून त्या उकाड्यात राहायचे या नुसत्या कल्पनेने नझमीचा जीव कासावीस होई. यंत्र मिळवायचे आणि तिच्याकडे परत जायचे, यापलीकडे त्याच्या डोक्यात दुसरे काही नव्हते.

"हुजूर, कॉफी घ्या ना," तो कुजबुजला.

"नाही घेत."

"हुजूर, तुम्ही ते आपलं तंबूतलं तर नाही ना चालवलंय?"

"मग काय करू? चार दरबार पालथे घातले, एकानं तरी विचारलं का? रणगाडे दाखवतायत मला! आज बसतोच आता. बघू कसे विचारत नाहीत ते."

वाळवंटातली रीत तशी सोपी आहे. पाहुणा काही मागायला आला असेल तर तोंडाने मागत नाही. यजमानाने दिलेली कॉफी तो समोर ठेवतो आणि पीत नाही. यजमान ते बघतो आणि म्हणतो, "कॉफी घे, ज्यासाठी आलास ते तुझं." मग पाहुणा कॉफी पितो. कोणी कोणापुढे हात पसरत नाही. न प्यायलेली कॉफी तशीच ठेवून पाहुणा उठला, तर मात्र यजमानाला पुढची कित्येक वर्षे तोंड दाखवायला जागा उरत नाही. तंबूत हे शेंबड्या पोरालाही कळते. पण ही मेजवानी तंबूत नव्हती. बाहेर भर दुपारी बर्फ पडत होते आणि आत झुंबराखाली गुळगुळीत दाढी केलेले चाळीस मुत्सद्दी बसले होते.

"हुजूर, यांना आपली रीत माहीत नाही हो! मी परराष्ट्रमंत्र्यांच्या कानात हळूच सांगतो."

"खबरदार! तू सांगितलंस की ते मागणं झालं. मी काय भिकारी आहे? कप बोलेल. तू गप्प बैस. माझी शपथ आहे तुला."

झाले. शपथ घातल्यावर नझमीचे तोंड शिवल्यासारखेच झाले.

त्या देशातही एक रीत होती, आणि ती या रिवाजाला बरोबर आडवी आली. मुख्य पाहुण्याने कप तोंडाला लावल्याखेरीज टेबलावर कोणी प्यायचे नाही. त्यामुळे चाळीस मुत्सद्दी चाळीस कपांवर हात ठेवून ताटकळत बसले. कॉफीवरची वाफ विरत चालली. पाहुणा उठेपर्यंत बँडनेही थांबायचे नाही असा नियम होता. कोपऱ्यातल्या लष्करी बँडने कॉफीबरोबर वाजवायचे गाणे संपवले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केले.

यजमान होते परराष्ट्रमंत्री बॅरन लुंडवाल. उंच, किडकिडीत आणि इतके नम्र की स्वतःच्या कुत्र्यालाही वाट देत. त्यांनी शिष्टाचार अधिकारी ब्रोकेल याच्याकडे नुसते पाहिले. ब्रोकेल मागून वाकून नझमीच्या कानाशी आला.

"अमीरसाहेबांना कॉफी आवडली नाही का?"

"आवडली."

"पण त्यांनी चाखलीच नाही."

"वास आवडला."

"मग पिणार कधी?"

"ते तुमच्या हातात आहे," नझमी कळवळून म्हणाला.

ब्रोकेलने स्वतःच्या हातांकडे पाहिले. त्याला काही कळले नाही, पण काहीतरी आपल्याकडूनच राहिले आहे एवढे जाणवले. तो लगबगीने गेला आणि साखर घातलेली दुसरी कॉफी घेऊन आला. अमीरांनी ती पहिल्या कपाशेजारी ठेवली आणि गाईकडे बघत बसले. मग दूध घातलेली कॉफी आली. मग चॉकलेट आले. मग बॅरनच्या बायकोने आपल्या खासगी डब्यातला चहा पाठवला. अमीरांपुढे हळूहळू छोटेसे दुकान मांडले गेले.

"बघ," अमीर खूश होऊन नझमीला म्हणाले, "कप बोलतोय की नाही? कशी धावपळ चाललीय. घाबरलेत."

"हुजूर, त्यांना वाटतंय कॉफी वाईट आहे."

"तोंड उघडून एक वाक्य विचारायचं सोडून दुकान कशाला मांडतायत मग? विचित्रच लोक आहेत."

नझमीने कपाळाला हात लावला. इकडे ब्रोकेलने स्वयंपाकघरातून मुख्य आचाऱ्याला बोलावून आणले. उंच टोपी हातात धरून तो आला, पाच भरलेल्या कपांकडे पाहिले आणि म्हणाला, "तीस वर्षांत माझी कॉफी कुणी परत पाठवली नाही." त्याने टोपी टेबलावर ठेवली आणि नोकरी सोडत असल्याचे जाहीर केले. कॉफीचे दाणे बॅरनच्या बायकोने स्वतः निवडले होते. तिने रुमाल डोळ्यांना लावला. बँडने तेच गाणे आणखी एकदा सुरू केले.

टेबलाच्या पार टोकाला शेजारच्या देशाचा म्हातारा राजदूत बसला होता. दोन्ही देशांचे फारसे सख्य नव्हते. त्याचे कान मंद असल्यामुळे तो नेहमी मोठ्याने बोले. तो शेजारणीला म्हणाला, "विषाची भीती असेल हो त्यांना. पूर्वेकडे घालतात म्हणे."

सगळे टेबल गार पडले. बॅरन लुंडवाल यांचा चेहरा टेबलक्लॉथसारखा पांढरा झाला. आपल्या घरात, आपल्या टेबलावर, आपल्या पाहुण्याला विषाची शंका! ते ताडकन उठले, अमीरांच्या मागे आले, आणि सगळ्यांदेखत अमीरांचा पहिला कप उचलून घटाघटा पिऊन टाकला. मग त्यांच्या मनात आले, दुसऱ्या कपाबद्दल कोणी शंका घेतली तर? त्यांनी तोही घेतला. मग तिसरा. चॉकलेट गार होऊन दाटले होते, ते त्यांनी डोळे मिटून गिळले. शेवटी चहाही संपवला आणि ओठ पुसून ते अमीरांकडे अभिमानाने बघत उभे राहिले.

अमीर आ वासून बघत होते. कारण वाळवंटात आणखी एक रीत आहे. एखादी अवघड कामगिरी असेल तर शेख भर बैठकीत भरलेला कप पुढे करतो आणि विचारतो, हा कोण पितो? जो तो कप पितो, त्याने ती कामगिरी शिरावर घेतली. पुढे मान गेली तरी माघार नाही.

"नझमी," अमीर सद्गदित होऊन म्हणाले, "हा माणूस पाचही कप प्यायला."

"हुजूर, ते विषाचं..."

"आमच्या बापजाद्यांत एक कप पिणारे होऊन गेले. पाच पिणारा मी पहिल्यांदा पाहिला!"

अमीर उठले, बॅरनना कवेत घेतले आणि आपल्या रिवाजाप्रमाणे त्यांच्या नाकाचे चुंबन घेतले. पाहुणा उठला हे बघून बँडने सुटकेचा निःश्वास टाकला आणि राष्ट्रगीत सुरू केले. राष्ट्रगीत ऐकून बाहेर ताटकळलेल्या वार्ताहरांना वाटले, तह झाला. मॅग्नेशियमचा धूर उडवत छायाचित्रे निघाली. आपले नाक रुमालाने पुसावे की पुसू नये, या विचारात बॅरन साऱ्या छायाचित्रांत गोंधळलेले आले आहेत.

हॉटेलात परतताना मोटारीत अमीर म्हणाले, "पाच यंत्रं आली. छान झालं."

नझमी सीटवरून घसरलाच. "पाच? हुजूर, आपल्याला एकच पाहिजे. आणि त्यांना तर त्या एकाचाही पत्ता नाही!"

"प्रत्येक कपाचं एक. त्यानं पाच घेतले, आणि मी एकच मागू? त्याचा अपमान करू?"

"पाच ठेवायची कुठे, हुजूर? गावात तेवढी जागा तरी आहे का?"

"ते तू बघ. चिटणीस कोण आहे?"

ज्याला राजपुत्राबरोबर देशोदेशी फिरण्याची हौस असेल, त्याने त्या क्षणी नझमीचे तोंड पाहायला हवे होते. त्याला शेवटी एकच माणूस आठवला. दुहैम, अमीरांचा कॉफी करणारा. वाळवंटातला हा म्हातारा बदू सगळ्या दौऱ्यात अमीरांबरोबर होता आणि हॉटेलच्या बाल्कनीत शेगडी पेटवून दाणे भाजत असे. हॉटेलच्या व्यवस्थापकाने दोनदा अग्निशमन दलाला बोलावले होते. दुहैमने दोन्ही वेळा त्यांना कॉफी पाजून परत पाठवले. कॉफीच्या बाबतीत अमीर कोणाचे ऐकत असतील तर ते या म्हाताऱ्याचे.

"दुहैम," हॉटेलात पोचताच बाल्कनी गाठून नझमी घायकुतीला येऊन म्हणाला, "एवढं सांग बाबा. चहावर वचन चालतं का?"

दुहैमने पळी थांबवली. "चहावर? चहावर कधी कोणी वचन दिलंय? चहा बायका पितात."

"आणि चॉकलेटवर?"

"ते काय असतं?"

"म्हणजे चालत नाही. आणि दूध घातलेली कॉफी?"

"दूध आजाऱ्याला देतात, एफेंदी. कॉफीत दूध घालणाऱ्यानं कसलं वचन द्यायचं?" दुहैमने आत बसलेल्या अमीरांकडे वळून पाहिले. तो त्यांना मुलाच्या नावाने, राकानचा बाप म्हणूनच हाक मारी. "अबू राकान, तुला साखर घातलेली पण दिली होती म्हणे? तिची पण गणती नाही. साखर म्हणजे फसवणूक."

अमीर जरा वेळ हिरमुसले. पण शास्त्र ते शास्त्र. "बरं, एकच. पण ते एक पक्कं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बॅरन लुंडवाल यांनी नझमीला मंत्रालयात बोलावले. बॅरनचे डोळे लाल झाले होते. एवढी कॉफी पोटात गेल्यावर रात्री झोप लागली नव्हती. टेबलावर वर्तमानपत्रांचा ढीग होता आणि प्रत्येकावर त्यांचे नाक.

"एफेंदी, मला एकच सांगा," ते खालच्या आवाजात म्हणाले. "मी काल नक्की काय कबूल केलंय?"

"म्हणजे?"

"अहो, सकाळपासून तीन राजदूत येऊन गेले. शेजारचा विचारतो, आरमारी तळ दिला का. दुसरा विचारतो, फौज देणार का. पंतप्रधानांनी मला बोलावलंय. तिथे जाऊन सांगू काय, की मी काय कबूल केलं ते मलाच ठाऊक नाही?"

कप पिऊन झाला होता, म्हणजे शपथही सुटली होती. नझमीने इतके दिवस पोटात साठलेले सगळे भडाभडा ओकून टाकले. न प्यायलेली कॉफी म्हणजे काय, प्यायलेला कप म्हणजे काय, विहिरीचे पाणी आणि अफीफाचा मिठाचा चहा. बॅरन आधी ऐकत राहिले, मग त्यांच्या खांद्यांना हिसके बसू लागले, आणि शेवटी ते टेबलावर डोके टेकून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

"पाण्याचं यंत्र! आणि माझा आचारी गेला, बायको माझ्याशी बोलत नाही! अहो, विकत मागितलं असतंत तर त्याच दिवशी हो म्हटलं असतं."

"तेच तर, साहेब. मागता येत नाही."

बॅरननी तिथल्या तिथे सही ठोकली. यंत्र गोदीत तयारच होते, परवाच्या जहाजावर चढणार असे ठरले. नझमीला तर नाचावेसे वाटत होते. त्याच्या डोळ्यांपुढे अफीफा दिसू लागली. गोड्या पाण्याचा पहिला चहा ओठांना लावून ती काहीच बोलणार नाही, आणि तिचे न बोलणे म्हणजेच शाबासकी.

"मला हे फारच आवडलं," बॅरन डोळे पुसत म्हणाले. "म्हणजे मी तुमच्या अमीरांपुढे बसलो आणि कॉफी प्यायलो नाही, तर?"

"तर ज्यासाठी आलात ते तुमचं!" नझमी मोठ्या उत्साहाने म्हणाला. त्याने बॅरनची शाईची दौत उचलून त्यांच्यापुढे ठेवली. "हा कप समजा. नाही, इतका जवळ नाही, जरा लांब ठेवा. आता हात मांडीवर. असं. आणि त्यांच्याकडे बघायचं नाही. ते म्हणेपर्यंत हात लावायचा नाही. वा! तुम्ही तर तंबूत जन्मल्यासारखे बसलात."

निघायच्या दिवशी बॅरन निरोप घ्यायला हॉटेलात आले. दुहैमने बाल्कनीतून वेलचीचा वास सोडत पितळी किटली आणली आणि तळाशी घोटभर कॉफी ओतून पहिला कप बॅरनना दिला. बॅरननी तो घेतला, जरा लांब ठेवला, हात मांडीवर घेतले आणि गालिच्यावरची नक्षी बघत बसले.

अमीरांचा चेहरा उजळून निघाला. दौऱ्यात पहिल्यांदाच त्यांना आपले कोणीतरी भेटले होते. "घे, कॉफी घे," ते म्हणाले. "ज्यासाठी आलास ते तुझं." नझमीनेही कौतुकाने भाषांतर केले. शिष्य चांगला निघाला होता. मागेल फार तर एखादा ससाणा, असे त्याला वाटले.

बॅरन फ्रेंचमध्ये म्हणाले, "अमीरसाहेब, परवा एका कपापुढे माझं सबंध मंत्रालय मूर्ख ठरलं. तुमच्या मुलखातलं काही कळणारा एकही माणूस माझ्याकडे नाही. या एफेंदींना दोन वर्षं आमच्याकडे राहू द्या."

नझमीला आधी वाटले, आपण चुकीचे ऐकले. मग कळले, बरोबरच ऐकले. खोलीत दोन्ही भाषा कळणारा माणूस तो एकटाच होता. तो अमीरांना म्हणाला, "हुजूर, त्यांना तुमचा खंजीर आवडलाय."

"एवढंच?" अमीरांनी कमरेचा खंजीर काढून बॅरनच्या मांडीवर ठेवला.

बॅरननी खंजिराकडे पाहिले, नझमीकडे पाहिले, आणि खंजीर हळूच कपाशेजारी ठेवून दिला. कॉफीला हात लावला नाही.

"एफेंदी," ते फार प्रेमाने म्हणाले, "यंत्र आज दुपारी जहाजावर चढायचंय. तुम्ही सगळं नीट सांगितलंत ना?"

"काय म्हणतोय तो?" अमीर अस्वस्थ झाले. "पीत का नाही? नझमी, माझ्या घरातून न पिता गेला तर मी भावाला तोंड काय दाखवू? काय पाहिजे ते नीट विचार!"

नझमीने एकदा बाहेरच्या बर्फाकडे पाहिले. विहिरीचे पाणी आठवले, अफीफाचे तोंड आठवले. बॅरन इथून न पिता उठले की यंत्र गोदीतच राहणार आणि ती माहेरी जाणार. ते पिऊन उठले तर पाणी घरी पोहोचणार आणि आपण मात्र नाही. दोन्हीकडून ती आपल्याला दिसायची नाहीच. निदान तिला गोडे पाणी तरी मिळेल. त्याच्या डोळ्यांत पाणी आले आणि रागही आला, बॅरनचा, अमीरांचा, आणि दौत पुढे सरकवणाऱ्या स्वतःच्या हाताचा.

"हुजूर," तो म्हणाला, "त्यांना मी पाहिजे. दोन वर्षं."

"दिला!" अमीर म्हणाले.

बॅरननी कप उचलला आणि एका घोटात संपवला. दुहैमने मान डोलावली. मग दुहैम किटली घेऊन शेवटी नझमीपाशी आला. नझमीने कप घेतला, अमीरांपुढे जरा लांब ठेवला, दोन्ही हात मांडीवर घेतले आणि गालिच्याकडे बघत बसला.

अमीरांनी कपाकडे पाहिले. नझमीकडे पाहिले. ते तंबूत जन्मले होते; न कळण्यासारखे त्यात काहीच नव्हते.  मग त्यांनी मान फिरवून खिडकीबाहेर पाहिले.

"दुहैम," ते म्हणाले, "या शहरी लोकांना आपली कॉफी कडू लागते बघ. एफेंदीसाठी चहा टाक."